आकाशाच्या फोटोतली पार्श्वभूमी न्यूट्रल कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून ते सप्टेंबर इंदूरच्या आकाशावर ढगांचा पडदा असतो. दुर्बिणी कपाटात जातात आणि हिवाळ्यात साठवलेला डेटा पुन्हा उघडला जातो. या महिन्यांत सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते बॅकग्राउंडच्या रंगाबद्दल. राजेंद्रनगरच्या गच्चीवरून काढलेला फोटो असो की जानापावच्या टेकडीवरून काढलेला, अडचण बहुतेक एकाच जागी येते. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. स्टॅकिंगपर्यंतचं, म्हणजे एकाच भागाच्या अनेक फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवण्यापर्यंतचं, काम तुम्हाला येतं असं धरून चाललो आहे.

गच्चीवरून काढलेल्या फोटोत आकाश कधी तपकिरी, कधी हिरवट का येतं?

कारणं दोन, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. पहिलं शहराच्या दिव्यांचं. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो, म्हणून तो नारिंगी. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी आहेत. त्यांत ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचं टोक असतं आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला पट्टा. हा सगळा प्रकाश धूळ, धूर आणि बाष्पावरून विखुरतो आणि तुमच्या फ्रेमभर एक थर चढवतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात, हवा जड असताना काढलेले फोटो पाहिलेत तर हा थर किती जाड होऊ शकतो ते लगेच कळेल.

दुसरं कारण कॅमेऱ्यातलं. रंगीत सेन्सर हिरव्याला जास्त प्रतिसाद देतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स न लावलेली रॉ फाइल हिरवट दिसते. तुमच्या कॅमेऱ्यातला, सेन्सरसमोरचा लाल अडवणारा फिल्टर बदलून घेतला असेल, तर कल लालकडे जातो. म्हणजे स्टॅक उघडल्यावर जो रंग दिसतो तो बिघाड नाही. त्यात आकाश, शहर आणि सेन्सर तिघांचाही वाटा आहे.

न्यूट्रल करणं म्हणजे बॅकग्राउंड काळं करणं का?

नाही. न्यूट्रल म्हणजे रिकाम्या आकाशात लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनेलची पातळी सारखी असणं. एवढंच. पातळी किती असावी हा वेगळा प्रश्न आहे. स्ट्रेच झाल्यावर, म्हणजे मंद डेटा दिसेल इतका उजळवल्यावर, ती ० ते २५५ च्या मापात साधारण २० ते ३० असली तर डोळ्यांना रात्रीचं आकाश वाटतं आणि मंद धूळ, दीर्घिकेच्या कडा शाबूत राहतात. शून्यावर नेली की त्या कडा कायमच्या गेल्या. काळंभोर आकाश लक्ष वेधून घेतं हे खरं, पण ज्या मंद प्रकाशासाठी तुम्ही थंडीत कुडकुडत बसलात तोच त्यात बुडतो.

व्हाइट बॅलन्स बदलून हेच होत नाही का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

दिव्यांचा प्रकाश तुमच्या वस्तूच्या प्रकाशात मिळवलेला असतो. मिळवलेली गोष्ट काढायची तर वजाबाकी करावी लागते. व्हाइट बॅलन्स गुणाकार करतो. दोन्हींनी बॅकग्राउंड करडं होईल, पण वस्तूचा रंग एकातच वाचतो.

आकडे घेऊन बघू. समजा रिकाम्या आकाशात लाल १२००, हिरवा १५००, निळा ११०० आहे. दीर्घिकेच्या गाभ्यात लाल १६००, हिरवा १८५०, निळा १४००. म्हणजे दीर्घिकेचा स्वतःचा प्रकाश लाल ४००, हिरवा ३५०, निळा ३००. जुन्या ताऱ्यांचा असतो तसा उबदार, पिवळसर रंग.

आता वजाबाकी करा. लालमधून १०० काढा, हिरव्यातून ४००. आकाश तिन्ही चॅनेलमध्ये ११०० झालं आणि गाभा १५००, १४५०, १४०० वर आला. आकाशाच्या वर दीर्घिका अजूनही ४००, ३५०, ३०० आहे. रंग जसाच्या तसा.

त्याऐवजी गुणाकाराने आकाश १२०० वर आणलंत, तर हिरव्याला ०.८ ने आणि निळ्याला सुमारे १.०९ ने गुणावं लागेल. गाभा होईल १६००, १४८०, १५२७. आकाशाच्या वर उरतात ४००, २८०, ३२७. पिवळसर दीर्घिका गुलाबी-जांभळी झाली. आकाश मात्र अगदी बरोबर करडं दिसतंय, त्यामुळे चूक पकडताही येत नाही. आपल्या रस्त्यावरच्या दिव्याच्या रंगाने पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी दीर्घिकेचा रंग ठरवला, असा त्याचा अर्थ होतो. हे मला तरी मान्य होत नाही.

सेन्सरचा कल मात्र गुणाकाराचाच असतो, त्याला व्हाइट बॅलन्स हवाच. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी वजाबाकी, मग गुणाकार. आधी बॅकग्राउंड, मग ताऱ्यांवरून रंगाचं कॅलिब्रेशन.

कोणत्या टप्प्यावर करायचं?

स्ट्रेचच्या आधी, डेटा लिनियर असतानाच, म्हणजे आकडे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतानाच. डार्क्स (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम), फ्लॅट्स (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम), स्टॅकिंग झालं की कडा कापा, ग्रेडियंट (फ्रेमभर हळूहळू बदलत जाणारा उजेड) काढा, बॅकग्राउंड न्यूट्रल करा, रंग कॅलिब्रेट करा आणि मग स्ट्रेच करा. स्ट्रेच झाल्यावर आकडे वक्ररेषेतून गेलेले असतात. तिथे एक ठरावीक संख्या वजा केली तर अंधाऱ्या आणि उजळ भागांवर तिचा परिणाम वेगवेगळा होतो. वरचा हिशेब मग लागू पडत नाही.

कडा कापायला विसरू नका. फ्रेम एकमेकांवर बसवताना कडेला काळ्या किंवा अर्धवट पट्ट्या उरतात आणि त्या पुढची सगळी मोजमापं बिघडवतात.

न्यूट्रल केल्यावर मधला भाग हिरवट आणि कोपरे जांभळे दिसतात. काय चुकलं?

ग्रेडियंट राहून गेला. न्यूट्रलायझेशन प्रत्येक चॅनेलमधून एकच संख्या पूर्ण फ्रेमभर वजा करतं. आकाशाचा रंगच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बदलत असेल, तर एक संख्या सगळीकडे बसणार कशी? आधी ग्रेडियंट काढा. या कामाच्या सॉफ्टवेअरपैकी सिरिलमध्ये बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन आहे, पिक्सइनसाइटमध्ये डायनॅमिक बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन आणि अलीकडची ग्रेडियंट करेक्शनची साधनं, आणि ग्रॅक्सपर्ट तर मोफत आहे. नमुन्याचे ठिपके तेजोमेघावर किंवा दीर्घिकेच्या कडेवर पडले नाहीत ना, ते एकेक तपासा. आपोआप पडलेल्या ठिपक्यांवर विसंबू नका.

रात्रभरात वस्तू पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते आणि शहराचा उजेड फ्रेममधून फिरत जातो. स्टॅकमध्ये त्याचा गुंतागुंतीचा आकार तयार होतो. सिरिलमध्ये स्टॅक करण्याआधीच प्रत्येक फ्रेममधून पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उताराचा, ग्रेडियंट काढता येतो. गच्चीवरच्या डेटाला याचा फार फायदा होतो.

या साधनांत 'सबट्रॅक्शन' आणि 'डिव्हिजन' असे दोन पर्याय दिसतील. दिव्यांच्या उजेडासाठी सबट्रॅक्शन. डिव्हिजन लेन्सच्या कोपऱ्यातल्या काळसरपणासाठी असतं, आणि ते काम मुळात फ्लॅट्सचं आहे. फ्लॅट्स नीट काढलेले नसतील तर कोपऱ्यातले रंग कितीही खटपट केली तरी पूर्ण जात नाहीत.

'रिकामं आकाश' निवडायचं कुठे?

इथे घाई करू नका. पूर्ण प्रक्रियेत माणसाचा निर्णय लागतो तो इथेच.

जिथे तारे कमी आहेत, तेजोमेघाचा हात पोहोचलेला नाही आणि ग्रेडियंट उरलेला नाही, असा छोटा चौकोन शोधा. आधी फोटो तात्पुरता खूप जोरात स्ट्रेच करून पाहा. साध्या नजरेला रिकामा वाटणारा भाग कित्येकदा धुळीने भरलेला निघतो. कृत्तिकांभोवती निळ्या परावर्तनापलीकडेही धूळ पसरलेली आहे. सप्तर्षींजवळच्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिकांच्या फ्रेममध्ये आपल्याच आकाशगंगेची फार मंद धूळ येते. तिच्यावर चौकोन ठेवलात तर ती धूळच तुमच्या दृष्टीने 'करडी' ठरते आणि खरं रिकामं आकाश दुसऱ्याच रंगाकडे झुकतं.

आकाशगंगेच्या पट्ट्यातले काळे डाग बघून अनेकांना वाटतं की हेच सगळ्यात अंधारलेलं आकाश. ते आकाश नाही. ती मागच्या ताऱ्यांना झाकणारी धूळ आहे, आणि तिला स्वतःची तपकिरी छटा असते. ज्येष्ठा ताऱ्याजवळचा रो ओफियुची भाग याचं ठळक उदाहरण आहे. तिथे काळ्या नदीवर चौकोन ठेवला की भोवतालचे पिवळे, निळे, लाल मेघ सगळेच सरकतात.

चौकोन निवडल्यावर त्याचे मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) आकडे वाचा. सरासरी नको, कारण दोन-तीन तारे आत आले तरी ती वर जाते. मग दुसऱ्या दोन-तीन जागी तसेच चौकोन आखून ताडून पाहा. तिन्ही चॅनेलमधले फरक सगळीकडे जवळपास सारखे आले तर जागा बरोबर आहे. वेगवेगळे आले तर एकतर ग्रेडियंट शिल्लक आहे, नाहीतर एखाद्या चौकोनात धूळ आहे.

फ्रेममध्ये रिकामी जागाच नसेल तर?

८ इंची, सुमारे २००० मिलिमीटर फोकल लांबीच्या दुर्बिणीला एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा लावला, तर फ्रेमची लांब बाजूसुद्धा एक अंशाहून कमी आकाश दाखवते. देवयानी दीर्घिका तीन अंश पसरलेली आहे. तिथे रिकामं आकाश मिळणारच नाही. धनु राशीतल्या आकाशगंगेच्या गाभ्याचंही तेच.

शक्य असेल तर त्याच रात्री, त्याच उंचीवर, शेजारच्या मोकळ्या भागाच्या काही फ्रेम घेऊन ठेवा. रंगांतला फरक किती धरायचा याचा त्यावरून अंदाज येतो. किंवा १३५ मिलिमीटरच्या लेन्सने तोच भाग रुंद करून घ्या. एपीएस-सीवर तिचं क्षेत्र सुमारे दहा अंश लांब असतं, आणि त्यात मोकळा कोपरा सापडतो. दोन्ही जमत नसेल तर ताऱ्यांच्या रंगावर भिस्त ठेवून स्पेक्ट्रोफोटोमेट्रिक कॅलिब्रेशन (पुढच्या प्रश्नात पाहा) करा आणि बॅकग्राउंडसाठी फ्रेममधला सगळ्यात मंद भाग घ्या. पण तो तडजोडीचा निर्णय आहे हे लक्षात असू द्या आणि त्यानंतर सॅच्युरेशन हात राखून वाढवा.

मग स्पेक्ट्रोफोटोमेट्रिक कॅलिब्रेशन आपोआप सगळं करत नाही का?

बरंचसं करतं. फ्रेममधले तारे ओळखून, तारे मोजणाऱ्या गाइया या अंतराळ मोहिमेच्या २०२२ साली आलेल्या तिसऱ्या डेटा संचातल्या वर्णपटांशी ताडून, सेन्सर आणि फिल्टरचा प्रतिसाद लक्षात घेऊन ते रंगांचे गुणक ठरवतं. सिरिल आणि पिक्सइनसाइट दोन्हींत ते बॅकग्राउंडही जुळवतं. पण बॅकग्राउंडचा भाग ते आकडेवारीवरून निवडतं. तो धुळीवर पडलाय का, हे त्याला कळत नाही. म्हणून हाताने चौकोन देण्याची सोय असेल तिथे ती वापरा. आणि कॅमेऱ्याचं, फिल्टरचं नाव यादीतून नीट निवडा.

पिक्सइनसाइटच्या बॅकग्राउंड न्यूट्रलायझेशनमधल्या लोअर आणि अपर लिमिटचं काय करायचं?

लोअर लिमिट शून्यावर ठेवा, म्हणजे कडेच्या काळ्या पट्ट्या हिशेबात येत नाहीत. अपर लिमिट आकाशाच्या मीडियनपेक्षा थोडी वर, ताऱ्यांच्या खाली. ती फार खाली आणली तर आकाशाचेच निम्मे पिक्सेल बाहेर पडतात आणि उत्तर चुकतं. म्हणून आधी कर्सरने आकडे वाचा, मग लिमिट ठरवा. वर्किंग मोड जसा येतो तसाच राहू द्या.

स्क्रीनवर आकाश आधीच करडं दिसतंय. तरीही करायचं?

दिसतंय ते बहुधा ऑटो-स्ट्रेचमुळे. सिरिलमध्ये आणि पिक्सइनसाइटमध्ये तात्पुरता दाखवायचा स्ट्रेच तिन्ही चॅनेल एकत्र बांधून लावता येतो किंवा सुटा. सुटा लावला की प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे एकाच पातळीवर ओढला जातो आणि आकाश करडं भासतं. फाइलमधला डेटा मात्र जसा होता तसाच असतो. खऱ्या स्ट्रेचच्या वेळी रंग परत उसळून येतो आणि माणूस गोंधळून जातो.

न्यूट्रल करण्याआधी सुटा स्ट्रेच सोयीचा आहे, नाहीतर सगळंच हिरवं दिसतं. केल्यानंतर साखळीचं चिन्ह दाबून चॅनेल बांधा. बांधलेल्या अवस्थेत आकाश करडं दिसलं तर काम झालं.

हिरवा रंग काढणारं बटण दाबलं की झालं ना?

नाही. सरासरी-न्यूट्रल पद्धतीत हे साधन प्रत्येक पिक्सेलमधला हिरवा रंग लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ देत नाही. म्हणजे ते हिरव्याला छाटतं, बॅकग्राउंड मोजत नाही. लाल-निळ्यातला फरक तर त्याला दिसतही नाही. न्यूट्रलायझेशन आणि कॅलिब्रेशन झाल्यावर उरलेला थोडासा हिरवा नॉइज (विस्कळीत दाणेदारपणा) काढायला ते चांगलं आहे, पण शेवटी आणि हलक्या हाताने.

आणि जिथे हिरवा खरा आहे तिथे अजिबात नको. धूमकेतूच्या डोक्याभोवतीची हिरवी चमक द्विअणू कार्बनमुळे असते. ग्रहीय तेजोमेघांतला निळसर हिरवा रंग ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेचा. तो छाटला तर त्या फोटोचा जीवच गेला.

माझ्याकडे फक्त फोटोशॉप किंवा गिंप आहे.

सिरिल मोफत आहे, निदान बॅकग्राउंडपुरतं तरी ते घ्या. तोवर काम भागवायचं असेल तर १६ बिट फाइल उघडा, कलर सॅम्पलरचे तीन-चार बिंदू रिकाम्या आकाशात ठेवा आणि नमुन्याचं क्षेत्र मोठं निवडा. एका पिक्सेलचा आकडा नॉइजमुळे काहीही असू शकतो. मग लेव्हल्समध्ये प्रत्येक चॅनेल वेगळा उघडून डावीकडची, काळ्याची खूण थोडी थोडी सरकवा, तिन्ही आकडे जुळेपर्यंत. हिस्टोग्रामच्या डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायच्या आत थांबा. मधला करडा ड्रॉपर टाळा. तो चॅनेलचा गॅमा बदलतो, त्यामुळे अंधारात एक रंग आणि उजेडात दुसरा, असं होतं.

जेपेगवर हे करू नका. त्यात प्रत्येक चॅनेलला २५६ च पायऱ्या असतात आणि कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स व स्ट्रेच आधीच भाजून टाकलेला असतो.

ड्युअल-बँड फिल्टर (हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे दोन अरुंद पट्टेच आत सोडणारा) असेल तर?

पद्धत तीच. लाल चॅनेलमध्ये हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा येते, हिरव्या-निळ्यात ऑक्सिजनची. चंद्र असताना ऑक्सिजनच्या बाजूचं आकाश जास्त उजळतं, म्हणून फरक मोठा दिसतो. अडचण जागा निवडण्याची, कारण हंस राशीत हायड्रोजन जवळजवळ फ्रेमभर असतो. कॅलिब्रेशनमध्ये नॅरोबँडचा पर्याय निवडायला विसरू नका.

मोनो (कृष्णधवल सेन्सरच्या) कॅमेऱ्याने वेगवेगळे चॅनेल घेतले असतील तर?

प्रत्येक चॅनेलचा ग्रेडियंट वेगळा काढा, मग एकत्र करा, मग न्यूट्रल करा. ल्युमिनन्स, म्हणजे रंगाविना घेतलेला उजळपणाचा चॅनेल, त्यानंतर.

आकाशाचा खरा रंग आपण पुसून टाकत नाही ना?

कधी कधी टाकतो, आणि ते ठरवून करायला हवं. अंधाऱ्या जागीही आकाश पूर्ण बेरंग नसतं. वरच्या वातावरणातला ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटरवर हिरवा आणि ६३० वर लाल उजळतो. मांडूच्या महालावर आकाशगंगा असा फोटो काढला असेल तर त्या हिरव्या लाटा त्या रात्रीचा भाग आहेत, त्या राहू द्या असं मी सांगेन. शिवाय खालच्या दगडी भिंतींना आकाशाचं गणित लावू नका. आकाश आणि जमीन वेगळी प्रोसेस करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. तेव्हाच्या फोटोंतला संधिप्रकाशाचा उतारही खराच होता. तो सपाट करडा करण्यात काही अर्थ नाही.

पण विषय दूरची दीर्घिका किंवा तेजोमेघ असेल, तर मधला वातावरणाचा थर काढणं हेच योग्य.

न्यूट्रल झालं, पण आता लाल-हिरवे डाग दिसतात.

तो रंगीत नॉइज आहे. आधी आकाशावर चढलेल्या रंगाच्या थराखाली झाकलेला होता. शहरातून जास्त वेळ एक्स्पोजर जमवणं आणि दर काही फ्रेमनंतर डिदर करणं, म्हणजे दुर्बीण किंचित सरकवणं, हाच खरा इलाज आहे. तिरक्या रेघांसारखे डाग असतील तर डिदर बहुधा झालेलं नाही किंवा पुरेसं झालेलं नाही.

लॅपटॉपवर करडं, फोनवर निळसर. खरं कोणतं?

आकडे. स्क्रीन कॅलिब्रेट केलेला नसेल तर डोळ्यांवर विसंबू नका. तीन-चार चौकोनांत तिन्ही चॅनेल सारखे असतील तर फाइल बरोबर आहे. शेअर करताना एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनना कळणारं रंगांचं प्रमाण माप) प्रोफाइल जोडा.

इंदूरजवळून कोणत्या दिशेला हा त्रास कमी होतो?

शहराच्या दक्षिणेला गेलात, चोरल किंवा जानापावकडे, तर इंदूर, महू, पीथमपूरचा उजेड उत्तरेच्या बाजूला राहतो. म्हणून तिथे दक्षिणेकडच्या वस्तू घ्या. इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश असल्याने धनु राशीतला लगून तेजोमेघ दक्षिणेला ४३ अंशांच्या आसपास चढतो. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छसुद्धा जवळपास २० अंशांपर्यंत येतो. एम ८१ मात्र उत्तरेला, जेमतेम ४४ अंशांवर, थेट शहराच्या उजेडावर. मंद धुळीसह ती घ्यायची असेल तर शहराच्या उत्तरेला, वस्त्यांपासून दूर जागा शोधा आणि ती मध्यमंडलावर येईल त्या सुमाराचेच तास वापरा. देवयानीचं तसं नाही. ती ७१ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येते, आणि तिथला थर सगळ्यात पातळ असतो. गच्चीवरून सुरुवात करणाऱ्यांनी तिच्यापासूनच करावी, नोव्हेंबरच्या संध्याकाळी, ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्सने, चहूबाजूंनी भरपूर मोकळं आकाश ठेवून.